हाडासाठी परांची



मोडलेले हाड जुळते हे सर्वांना ठाऊक असते. ते जुळते कसे, याचे नवल मात्र फारसे कुणाला वाटत नाही. कातडी खोल कापली गेली की व्रण राहतो. हृदयाच्या स्नायूचा तुकडा मेला की तिथे तंतुमय ऊती भरते, स्नायू परत येत नाही. हाडाची रीत वेगळी आहे. मोडीच्या जागी आधी रक्ताची गाठ होते, तिच्या जागी मऊ कूर्चा येते, कूर्चेच्या जागी घाईने विणलेले कच्चे हाड येते आणि शेवटी मूळ घडणीचे पक्के हाड उभे राहते. दोन-तीन वर्षांनी काढलेल्या क्ष-किरण चित्रात पुष्कळदा मोड होती कुठे, हे शोधावे लागते. व्रण न ठेवता पूर्ववत होणाऱ्या ऊती मानवी शरीरात फार थोड्या आहेत, आणि हाड त्यांपैकी एक आहे.

मग अशा हाडासाठी प्रयोगशाळेत कृत्रिम आधार घडवण्याचा खटाटोप कशासाठी? कारण हाडाच्या या सामर्थ्याला हद्द आहे. अपघातात हाडाचा चुरा होऊन तुकडे निघून गेले, कर्करोगाच्या गाठीबरोबर हाडाचा मोठा भाग कापावा लागला किंवा जुनाट जंतुसंसर्गात सडलेला भाग काढावा लागला, की दोन टोकांमध्ये पोकळी उरते. मोठ्या माणसाच्या लांब हाडात ही पोकळी साधारण दोन-अडीच सेंटिमीटरच्या पुढे गेली की ती आपोआप भरून येण्याची आशा संपते. हाडाच्या पेशींना पलीकडचे टोक गाठता येत नाही. मधली जागा तंतुमय ऊती आधीच बळकावते.

अशा वेळी शल्यचिकित्सकांचा पहिला भरवसा आजही रुग्णाच्याच हाडावर असतो. कमरेच्या हाडाच्या कडेवरून मऊ, जाळीदार हाड काढायचे आणि पोकळीत भरायचे. त्यात जिवंत पेशी असतात, वाढीचे संदेश देणारी प्रथिने असतात, हवा तसा ढाचा असतो आणि शरीर ते परके मानत नाही. दुसऱ्या कुठल्याही पदार्थात हे चारही गुण एकत्र सापडत नाहीत. पण कमरेत हाड असते मोजके. ते काढायला दुसरी जखम करावी लागते आणि कित्येकदा मूळ दुखणे थांबते तरी कमरेचे दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळते. दुसरा मार्ग म्हणजे दात्याचे हाड. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ऊती-पेढी १९८८ पासून दान मिळालेले हाड शीतशुष्क करून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून शल्यचिकित्सकांना पुरवत आली आहे. या हाडाचा ढाचा टिकतो. पेशी मात्र गेलेल्या असतात. तिसरा मार्ग सैबेरियातल्या कुर्गान गावच्या इलिझारोव्ह यांचा. हाड एका ठिकाणी मुद्दाम कापायचे, कड्यांच्या चौकटीत बसवायचे आणि रोज एक मिलिमीटर, तोही चार टप्प्यांत, ताणत न्यायचे. मागच्या फटीत नवे हाड तयार होत राहते. पाच सेंटिमीटरसाठी पन्नास दिवस ताणण्यात जातात आणि तयार झालेले हाड पक्के होण्यासाठी त्याहून कितीतरी अधिक दिवस लागतात. एवढा काळ रुग्ण ती लोखंडी कडी पायावर वागवत असतो.

पोकळीत असे काही ठेवता येईल का, की ज्याच्या आधाराने हाड स्वतःच पलीकडे पोहोचेल, आणि काम झाले की तो आधार निघून जाईल? हा प्रश्न १९९३ मध्ये रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकांटी यांनी ‘सायन्स’ नियतकालिकातल्या लेखात सर्वच ऊतींसाठी मांडला आणि ऊती-अभियांत्रिकी हे नाव सर्वतोमुखी झाले. या आधाराला इंग्रजी वळणाने स्कॅफोल्ड म्हणतात. बांधकामावरची परांची, तीच ही. फरक एवढाच की इमारतीची परांची बाहेरून बांधतात आणि काम झाल्यावर मजूर ती उतरवतात. हाडाची परांची आत असते, इमारत तिच्याच पोकळ्यांमधून उठते आणि ती उतरवायला कुणी येणार नसते. तिने स्वतःच विरून जायचे असते.

अशी परांची कशाची करावी, याचे उत्तर हाडच देते. कोंबडीच्या पायाचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले, तर आकार तोच राहतो पण हाड रबरासारखे वाकते. आम्लाने त्यातले खनिज विरघळवलेले असते. तेच हाड प्रखर आचेवर पूर्ण जाळले, तर आकार पुन्हा तोच राहतो पण बोटाने दाबताच भुगा होतो; तंतू जळून गेलेले असतात. म्हणजे हाडात दोन हाडे आहेत, आणि त्यांतले एकही एकट्याने हाड म्हणून उभे राहू शकत नाही. वजनाने सुमारे ६५ ते ७० टक्के भाग कॅल्शियम फॉस्फेटच्या खनिजाचा, रसायनशास्त्रात ज्याला हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट म्हणतात त्याच्याशी जवळचे नाते असलेल्या खनिजाचा. उरलेल्यात बहुतांश कोलॅजेन हे प्रथिन आणि पाणी. कोलॅजेन हा निसर्गाचा पॉलिमर, म्हणजे लांबलचक साखळ्यांचा पदार्थ, आणि खनिज हे निसर्गाचे सिरॅमिक. कोलॅजेनचा रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांबीचा, तीन पदरी पिळाचा. असे रेणू ओळीने रचले जातात तेव्हा त्यांच्यामध्ये ठरावीक अंतराने फटी राहतात आणि त्या फटींत अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचे खनिजाचे पापुद्रे बसतात. खनिज दाब सोसते, तंतू ताण सोसतात. तडा गेलाच तर तंतू त्याला अडवून धरतात.

हे इतके उघड असताना माणसाने बराच काळ एकेकट्या पदार्थावर भिस्त ठेवली. जर्मनीत ड्रेसमन यांनी १८९२ मध्ये हाडातल्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्याची नोंद आहे. ते शरीरात विरघळे, पण हाड तयार होण्याच्या फार आधी. १९२० मध्ये अमेरिकेत ऑल्बी यांनी कॅल्शियम फॉस्फेट वापरून पाहिले. नंतर धातू आले. टायटॅनियम भक्कम खरे, पण त्याचा ताठरपणा सुमारे ११० गिगापास्कल आणि हाडाच्या घट्ट कवचाचा १५ ते २० गिगापास्कल. सगळा भार धातूच उचलू लागला की शेजारचे हाड बिनकामाचे होऊन झिजते. भाराप्रमाणे हाड आपली घडण बदलते, हे युलियस व्होल्फ यांनी १८९२ मध्येच सांगून ठेवले होते.

१९६७ मध्ये व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेल्या एका अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने लॅरी हेंच या काचशास्त्रज्ञाला विचारले, शरीर नाकारणार नाही असा पदार्थ तुम्ही का बनवत नाही? दोनच वर्षांत फ्लॉरिडा विद्यापीठात हेंच यांनी सिलिका, सोडियम, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांची अशी काच बनवली, की ती हाडाला चिकटून बसली. ओढून काढू गेले तर हाड तुटावे, सांधा तुटू नये, इतकी चिकटली. परका पदार्थ शरीरात निमूट पडून राहावा, एवढीच तोवरची अपेक्षा होती. तो शरीराशी नाते जोडू शकतो हे पहिल्यांदा दिसले. पण काच ती काच. ठोकर लागली की फुटणारच. १९८१ मध्ये लंडनला विल्यम बॉनफील्ड यांनी हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटची भुकटी पॉलिथिलीनमध्ये मिसळली. आकारमानाने ४० टक्के खनिज घातलेले हे मिश्रण मध्यकर्णातल्या इवल्या हाडांच्या जागी वापरात आले. शल्यचिकित्सकाला ते शस्त्रक्रियेच्या टेबलावरच सुरीने कोरून हव्या त्या आकाराचे करता येई. पॉलिमर-सिरॅमिक जोडीचा हा पहिला ठळक विजय. पॉलिथिलीन मात्र शरीरात कधीच विरत नाही.

विरणारे पॉलिमर शल्यचिकित्सकांच्या हाती आधीपासून होते. आपोआप विरघळणारे टाके १९७० च्या दशकापासून वापरले जातात. ते पॉलिग्लायकॉलिक आम्लाचे किंवा त्यात लॅक्टिक आम्ल जोडलेल्या पॉलिमरचे असतात. पाण्याच्या संपर्कात त्यांच्या लांबलचक साखळ्या तुटतात आणि लॅक्टिक आम्लासारखे, शरीराच्या ओळखीचे छोटे रेणू उरतात. लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्ल निम्मे-निम्मे असले की पॉलिमर एक-दोन महिन्यांत विरू लागतो. पॉलिकॅप्रोलॅक्टोन नावाचा दुसरा पॉलिमर दोन-तीन वर्षे टिकतो. हे पॉलिमर लवचीक असतात, घडवायला सोपे असतात. पण हाडाच्या पेशींना त्यांचे आकर्षण नसते, आणि एकटे वापरले तर ते हाडापुढे फारच मऊ पडतात.

आता जोडीचा अर्थ लागतो. सिरॅमिक मिसळल्याने पॉलिमरला ताठपणा येतो, हा फायदा सगळेच सांगतात. दुसरा फायदा अधिक मोलाचा आहे. पॉलिमर विरताना आम्ल सुटते. परांची जाड असेल तर आतले आम्ल बाहेर पडू शकत नाही, तेच आम्ल उरलेल्या साखळ्या अधिक वेगाने तोडते आणि बाहेरून धड दिसणारा तुकडा आतून पोखरला जातो. एक दिवस तो ढासळतो आणि साठलेले आम्ल एकदम आसपासच्या ऊतीवर येते. तिथे दाह होतो. कॅल्शियम फॉस्फेट हे आम्ल शोषून घेते आणि त्या ओघात स्वतः विरघळून कॅल्शियम आणि फॉस्फेट मोकळे करते. नव्या हाडाला नेमके तेच लागते. एकाचा दोष दुसऱ्याची गरज भागवतो.

मात्र भुकटी मिसळली की काम झाले, असे मुळीच नाही. नॅनो आकाराचे कण पॉलिमरमध्ये एकमेकांना बिलगून गुठळ्या करतात आणि तडा नेमका गुठळीपासून सुरू होतो. प्रमाण फार वाढवले की परांची खडूसारखी ठिसूळ होते. आणखी एक अडचण पुष्कळदा नजरेतून सुटते. वितळलेला पॉलिमर प्रत्येक कणाभोवती पातळ वेष्टण चढवतो. ज्या खनिजावर पेशींनी येऊन बसावे म्हणून ते घातले, ते पेशींना दिसतच नाही! म्हणून तयार परांची सौम्य अल्कलीत बुडवून पृष्ठभाग थोडा खरवडावा लागतो, तेव्हा कण उघडे पडतात.

पण परांचीत पदार्थापेक्षाही महत्त्वाची असते ती पोकळी. छिद्र केवढे असावे? १९७० च्या सुमारास हल्बर्ट आणि क्लाविटर यांनी सच्छिद्र सिरॅमिकवर प्रयोग करून दाखवले की हाड आत शिरायला किमान १०० मायक्रॉनचे छिद्र लागते. पुढच्या अनुभवाने हा आकडा ३०० मायक्रॉनच्या वर गेला, कारण हाडाबरोबर रक्तवाहिन्याही आत शिराव्या लागतात. शिवाय छिद्रे एकमेकांत उघडणारी हवीत. दारे नसलेल्या खोल्यांचा उपयोग काय? मांडीच्या हाडाच्या टोकाशी असणाऱ्या जाळीदार भागात ५० ते ९० टक्के जागा रिकामी असते. परांचीतही तेवढीच हवी.

आणि इथेच सगळ्यात मोठा पेच पडतो. पोकळी वाढली की ताकद घटते, आणि ती थोडीथोडकी घटत नाही. जाळीदार पदार्थांचा ताठरपणा साधारण त्यांच्या भरीव भागाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, असे गिब्सन आणि अ‍ॅश्बी यांनी १९८० च्या दशकात दाखवले. ८० टक्के पोकळी म्हणजे भरीव भाग एक पंचमांश. ताठरपणा उरतो पंचविसावा हिस्सा. ९० टक्के पोकळीत तो शंभरावा हिस्सा होतो. हाडाचे घट्ट कवच १०० मेगापास्कलहून अधिक दाब सोसते, जाळीदार हाड सुमारे २ ते १२ मेगापास्कल. विरणाऱ्या परांच्या या दुसऱ्या पायरीपर्यंत पोहोचल्या आहेत. पहिली पायरी अजून दूर आहे. म्हणून पायाच्या हाडात परांची बसवली तरी सोबत पट्टी किंवा दांडा लागतोच.

ही पोकळी करतात कशी? सर्वांत जुनी आणि आजही शिकवली जाणारी पद्धत मिठाची. साधे मीठ चाळून ३०० ते ५०० मायक्रॉनचे खडे वेगळे काढतात. पॉलिमर क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवतात, त्यात सिरॅमिकची भुकटी ढवळतात, मग मीठ घालून साच्यात ओततात. द्रावक उडून गेला की वडी पाण्यात टाकायची आणि पाणी बदलत राहायचे. दोन-तीन दिवसांत मीठ निघून जाते आणि खड्यांच्या जागी खड्यांच्याच आकाराची छिद्रे उरतात. मीठ कमी पडले, तर खडे एकमेकांना टेकत नाहीत, प्लॅस्टिकमध्ये कोंडले जातात आणि छिद्रे बंद राहतात. म्हणून मीठ ७० ते ९० टक्के घालावे लागते. वडी काही मिलिमीटरहून जाड केली, तर मधले मीठ निघता निघत नाही. आणि क्लोरोफॉर्मचा अंश मागे राहिला, तर तो पेशींना मारतो. प्रयोगवहीत हे सगळे दोन ओळींत मावते. टेबलावर त्यात आठवडे जातात.

गोठवून वाळवण्याच्या पद्धतीत मिठाचे काम बर्फाचे स्फटिक करतात. कोलॅजेनसाठी ती विशेष सोयीची. त्रिमितीय छपाईने मात्र मोठा बदल घडवला. पॉलिकॅप्रोलॅक्टोन अवघ्या ६० अंश सेल्सियसला वितळतो. सिरॅमिक मिसळलेल्या या पॉलिमरचा तंतू बारीक तोंडातून थरावर थर, प्रत्येक थर वेगळ्या कोनात, असा टाकत गेले की प्रत्येक छिद्र शेजारच्या छिद्रात उघडते. योगायोगावर काही राहत नाही. रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून त्याच्याच जबड्याच्या किंवा कवटीच्या पोकळीत नेमका बसणारा तुकडा छापता येतो. सिंगापूरमध्ये या पद्धतीने घडलेल्या जाळीदार चकत्या मेंदूच्या शस्त्रक्रियेत कवटीला पाडलेली भोके बुजवण्यासाठी वापरल्या जातात.

यापुढचा प्रश्न काळाचा आहे, आणि या विषयाचे मर्म तिथेच आहे. पहिल्या दिवशी परांची किती भक्कम आहे, हे यंत्रावर दहा मिनिटांत मोजता येते. म्हणून तेच सर्वाधिक मोजले गेले आहे. नव्वदाव्या दिवशी, दोनशेव्या दिवशी ती किती उरते आणि त्या दिवशी तिच्यात हाड किती आलेले असते, या दोन रेषा कुठे छेदतात, यावर रुग्णाचे भवितव्य ठरते. पॉलिमरचे वजन घटण्याच्या फार आधी त्याची ताकद जाते. क्ष-किरणात तुकडा जागेवर दिसतो, पण ती पोकळ आशा असते. आणि फार हळू विरले तर? इटलीत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात तीन रुग्णांच्या लांब हाडांतल्या चार ते सात सेंटिमीटरच्या पोकळ्यांत सच्छिद्र हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट बसवले गेले, त्यावर रुग्णांच्याच अस्थिमज्जेतून वाढवलेल्या पेशी होत्या. सहा-सात महिन्यांत हातपाय कामाला लागले. जगभर आशा पालवली. पण सहा-सात वर्षांनंतरही ते सिरॅमिक जवळजवळ जसेच्या तसे होते. शुद्ध, भट्टीत भाजलेले हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट शरीर सहसा हलवत नाही. म्हणून आता त्यात लवकर विरणारे ट्रायकॅल्शियम फॉस्फेट मिसळतात आणि दोहोंच्या प्रमाणावरून वेग ठरवतात.

शेवटचा पेच रक्ताचा. पेशी केशवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रॉनपेक्षा दूर असेल तर प्राणवायूविना मरते. पाच सेंटिमीटरच्या परांचीत लाखो पेशी पेरल्या तरी मधल्या पेशी रक्तवाहिन्या पोहोचण्याच्या आत दगावतात. बशीत यशस्वी झालेले, सशाच्या हाडात यशस्वी झालेले प्रयोग माणसाच्या मांडीत का अडखळतात, याचे बहुतांश उत्तर या एका अंतरात आहे. ससा लहान असतो, पोकळीही लहान असते. रक्त वेळेत पोहोचते.

त्यावर उपाय म्हणून परांचीत संदेश भरले गेले. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवले की खनिज काढून टाकलेले हाड स्नायूत पुरले तरी तिथे नवे हाड तयार होते. म्हणजे हाडातच हाड घडवण्याची आज्ञा आहे. तिच्यामागची प्रथिने पुढे बीएमपी म्हणून ओळखली गेली आणि २००२ मध्ये बीएमपी-२ ला अमेरिकेत मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी परवानगी मिळाली. पण कोलॅजेनचा स्पंज ते झरझर सोडून देई, म्हणून मात्रा शरीरातल्या नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट ठेवावी लागली. मानेच्या मणक्यात वापरल्यावर गळ्याला जीवघेणी सूज आल्याच्या नोंदी झाल्या आणि २००८ मध्ये अमेरिकन नियामकांनी इशारा दिला. दोष संदेशाचा नव्हता. संदेश हळूहळू सोडणारा आधारच नव्हता. हे काम पॉलिमर-सिरॅमिक परांचीने करावे, हा पुढचा बराचसा शोध. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या नडगीतल्या तीन सेंटिमीटरच्या पोकळीत पॉलिकॅप्रोलॅक्टोन आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेटची छापील परांची, सोबत बीएमपी-७, असा प्रयोग झाला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वर्षभरानंतर हे हाड कमरेच्या हाडाहून सरस ठरले. मेंढीचे वजन माणसाच्या जवळपास असते, म्हणून या निष्कर्षाला मोल आहे. त्याआधी २००४ मध्ये जर्मनीतल्या कील येथे एका रुग्णाचा जबडा आधी त्याच्याच पाठीच्या स्नायूत वाढवण्यात आला, रक्तवाहिन्या आत शिरू दिल्या आणि सात आठवड्यांनी तो तोंडात बसवला. रक्ताची व्यवस्था आधी, जागेवर बसवणे नंतर.

परांची रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी तिला निर्जंतुक करावे लागते आणि इथे एक साधीच अडचण आडवी येते. शस्त्रक्रियेची अवजारे १२१ अंशांच्या वाफेत ठेवतात. त्या तापमानाला पॉलिकॅप्रोलॅक्टोन वितळून गोळा होईल. मग उरतात इथिलीन ऑक्साइड वायू आणि गॅमा किरण. तुर्भ्याच्या आयसोमेड प्रकल्पात १९७४ पासून वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक होते, आणि साधारण २५ किलोग्रे ही त्यासाठीची रूढ मात्रा. पण हेच किरण पॉलिमरच्या साखळ्याही तोडतात. वर्षभर टिकण्यासाठी आखलेली परांची खोक्यातून निघतानाच काही महिन्यांनी म्हातारी झालेली असू शकते. म्हणून विरण्याचा वेग निर्जंतुक केलेल्या तुकड्यावरच मोजावा लागतो.

भारतात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट आणि हाडाला चिकटणारी जैवकाच यांच्या मिश्रणांवर दीर्घकाळ काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमातल्या फायब्रॉइन या प्रथिनापासून सच्छिद्र परांच्या घडवल्या गेल्या. रेशीम पॉलिमरच आहे, तो शरीरात सावकाश विरतो आणि विरताना आम्ल सोडत नाही.

आज पॉलिमर-सिरॅमिक जोडीचे पदार्थ दाताच्या खाचेत, जबड्यात, कवटीत, मणक्यांच्या बाजूला रोजच्या वापरात आहेत. तिथे पोकळी लहान असते, भार कमी असतो आणि रक्त जवळ असते. मांडीच्या आणि नडगीच्या मोठ्या पोकळीत अजून कमरेचे हाड आणि इलिझारोव्हची कडीच वापरली जातात. भारतात २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार शरीरात विरून जाणारी साधने वरच्या जोखीमवर्गांत मोडतात आणि त्यांतल्या नव्या साधनांना माणसांवरच्या चाचण्यांतून जावे लागते. त्या चाचण्यांत रुग्णाचा माग परांची पूर्ण विरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन वर्षे तरी ठेवावा लागतो, कारण तिच्या जागी आलेले हाड एकट्याने भार उचलते की नाही, हे त्यानंतरच कळते.